सुखदेवभाऊंच्या नावाचं दार

पद्माकर ओव्हाळ कुणाच्याही घरी गेला, की आधी दाराला हात लावायचा आणि मग माणसांना जयभीम करायचा. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्यानं चक्क टेबलाखाली वाकून पाहिलं. मला वाटलं चमचा पडला असेल. तो वर आला आणि म्हणाला, "ताई, हे महोगनी म्हणून घेतलंत का?" मी हो म्हटलं. त्यानं नुसती मान हलवली आणि वरणभात कालवायला लागला. त्या दिवसापासून ते टेबल माझ्या मनातून उतरलं ते उतरलंच. असल्या माणसाला जेवायला बोलवावं की नाही, हा प्रश्नच आहे. पण मी बोलवत राहिले, कारण बर्मिंगहॅममधल्या आमच्या लोकांत खोटं न बोलणारी माणसं मोजकी होती आणि त्यांत तो पहिला होता.

तो मूळचा नाशिक रोडचा. वडील रेल्वेत कारकून. डिप्लोमा करून तरुणपणीच इंग्लंडला आला आणि इथल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, आर्किटेक्ट खात्यात टेक्निशियन म्हणून चिकटला. ऑफिसात त्याला 'पॅडी' म्हणायचे. पॅडी हे खास आयरिश नाव. फोनवर पॅडी म्हणून बोललेला माणूस साइटवर असा काळासावळा, चष्मेवाला निघाला, की आयरिश मुकादम आधी गोंधळायचे आणि मग त्याला चहा पाजायचे.

त्याचं काम ऐकायला रुक्ष होतं. आर्किटेक्ट इमारतीचं चित्र काढणार, आणि ती कशाची बांधायची हे पद्माकर लिहून देणार. जिन्याचा कठडा कुठल्या लाकडाचा, खिडकीची चौकट कुठल्या लाकडाची, ते किती सुकलेलं हवं, गाठ चालेल की नाही. या लिखाणाला ते लोक स्पेसिफिकेशन म्हणतात. ठेकेदारानं ते वाचून तसं बांधायचं असतं. बांधायचं असतं, एवढंच मी म्हणते.

पूर्वी तोही सगळ्यांसारखंच लिहायचा. बाहेरच्या दाराला आफ्रिकेतलं अमुक, खिडकीला मलेशियातलं तमुक. लाकूड टिकाऊ, सरळ आणि स्वस्त. विचार करण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मग अठ्ठ्याऐंशी साली त्याची मुलगी मंजिरी शाळेतून जंगलतोडीचं एक पोस्टर घेऊन आली. तेव्हा ती चौदा वर्षांची. तिचं मराठी म्हणजे आनंदीआनंद, पण प्रश्न नेमका विचारला.

"बाबा, तुमची ऑफिस फॉरेस्ट कापतो?"

"नाही गं. आम्ही फक्त लिहितो."

"पण तुम्ही लिहिला म्हणून ते कापतात ना?"

पद्माकरनं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण हसणं पुरतं जमत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं लाकूड विकणाऱ्यांना फोन करायला सुरुवात केली. तुमचं लाकूड कुठल्या देशातलं? कुठल्या जंगलातलं? तोडल्यावर तिथे परत लावलं का? लावलं, तर कुणी पाहिलं? सगळ्यांकडे एकच उत्तर. आमचं लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं आहे, सर. जंगलाचं नाव मात्र एकालाही सांगता येत नव्हतं. आज लाकडावर तपासणीचा शिक्का असतो म्हणतात. तेव्हा शिक्का नव्हता, होतं ते विकणाऱ्याचं तोंड.

पद्माकर पेटला. वर्षभर त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून खात्याचा नियमच करून घेतला, की मूळ जंगल कळल्याशिवाय उष्ण देशांतलं लाकूड वापरायचं नाही. त्याऐवजी इथलं ओक घ्या, चेस्टनट घ्या, नाहीतर पाडलेल्या इमारतींतलं जुनं लाकूड परत वापरा. स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला. आम्ही त्याचा सत्कारही केला. त्यात आमच्या मंडळींतले पुढारी दादासाहेब गवई यांनी झाडांवर पाऊण तास भाषण केलं आणि त्यात एकाही झाडाचं नाव नव्हतं.

पण नियम झाला म्हणून काय झालं? स्पेसिफिकेशनमध्ये शेवटी एक जुनी ओळ असायची, की लिहिलेलं लाकूड मिळालं नाही तर मंजुरी घेऊन त्याच तोडीचं दुसरं चालेल. ठेकेदार बरोब्बर त्या ओळीतून शिरत. पद्माकर ओक लिही, साइटवर जाऊन पाही तर खिडक्या बसवून, रंगवून तयार आणि आत तेच तांबूस, हलकं, बोर्निओकडचं लाकूड. मिळालं नाही सर, मंजुरी तुमच्या साहेबांनी दिली सर. आता काढायच्या म्हणजे कौन्सिलच्या घरांतले भाडेकरू थंडीत उघड्यावर. पद्माकर परत येई, ऑफिसात बसे आणि पुढच्या इमारतीसाठी पुन्हा ओक लिही. "ताई, मी माणूस नाही, मी टाइपरायटर आहे," असं तो एकदा म्हणाला होता. मी त्याला रागावले होते. आता वाटतं, उगीच रागावले.

आता सुखदेवभाऊंकडे येते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

सुखदेव रामटेके चंद्रपूरकडचे. साठच्या दशकात आलेले आणि बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथिकच्या एका फाउंड्रीत हाडं झिजवलेले. आमच्या लोकांनी पै-पै जमवून स्मेथिकमधली एक बंद पडलेली बेकरी विहारासाठी घेतली, ती त्यांच्याच पाठपुराव्यानं. बेकरीला पुढे लोखंडी शटर होतं. दार नव्हतंच. विहार झालेला पाहायच्या आतच भाऊंची फुप्फुसं निकामी झाली. नव्वद सालच्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलात होते. मी त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या वॉर्डवर नर्स होते, म्हणून ड्यूटी संपली की त्यांच्याजवळ बसायची. एका संध्याकाळी पद्माकर आला. भाऊंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मी डोळे वटारले, पण त्यांनी ऐकलं नाही.

"पद्माकर, तू लाकडाचा माणूस. विहाराले दार सागाचं पाहिजे."

"बघतो ना, भाऊ."

"बघतो नाही. आमच्या घराले दार म्हणजे तुराट्याची ताटी होती. दिवसभर बल्लारशाच्या डेपोत सागाचे ओंडके मालगाडीत चढवाचो, आन् घरी येऊन ताटी लोटून झोपाचो. ज्यानं साग उचलला, त्याले सागाचं दार नाही. विहाराले पाहिजे. लिहून देशील ना?"

"देतो, भाऊ. शब्द देतो."

चंदाबाई, म्हणजे भाऊंची बायको, पायाशी बसून होत्या. त्यांनी पद्माकरकडे पाहिलं ते असं, की जणू दार आत्ताच बसलं. आठवड्याभरात भाऊ गेले. पुढे त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चंदाबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की विहाराचं दार त्यांच्याकडून, सुखदेवभाऊंच्या नावाचं, आणि ते पद्माकर करून देईल. ते दार लागेपर्यंत मी विहारात पाऊल टाकणार नाही, असंही त्या म्हणाल्या. बाई हट्टी होत्या. बोलल्या म्हणजे बोलल्या.

पद्माकर कात्रीत सापडला. साग म्हणजे बहुतेक ब्रह्मदेशचा. तिथलं जंगल कोण तोडतं, कुणाच्या बंदुकीच्या धाकानं तोडतं, ते पैसे कुठे जातात, हे तो दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरला होता. ऑफिसात ज्याला बंदी घातली, तेच आपल्या विहाराला कसं लावायचं? जावाच्या लागवडीतला साग मिळतो असं कळलं, म्हणून त्यानं लंडनपासून लिव्हरपूलपर्यंत फोन केले. उत्तर तेच. राखलेल्या जंगलातलं आहे, सर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

आणि मग एक दिवस तो माझ्याकडे असा आला, की मी त्याला तसा कधी पाहिलाच नव्हता. पन्नाशीचा माणूस, पण शाळेला सुट्टी लागल्यासारखा चेहरा. मुलींची एक जुनी शाळा पाडायचं काम त्याच्या खात्याकडे होतं. तिच्या सायन्स लॅबमधली लांबलांब टेबलं अस्सल बर्मी सागाची होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. ती कचऱ्यात जाणार होती. त्यानं ठेकेदाराकडून रीतसर विकत घेऊन सगळ्या फळ्या गॅरेजमध्ये आणून ठेवल्या होत्या.

"ताई, एकसुद्धा नवीन झाड पडत नाही! आणि साग! असा साग आता जगात मिळत नाही. इतकी वर्षं सुकलेला, केसाइतकाही फुगणार नाही. भाऊंचाही शब्द राहिला आणि माझाही."

मला खरंच आनंद झाला. मी त्याच्याबरोबर चंदाबाईंकडे गेले, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानं फळीचा एक तुकडा रंधून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. चंदाबाईंनी तो मांडीवर घेतला. रंधलेली बाजू मधासारखी निघाली होती. त्यांनी हात फिरवला, मग तुकडा नाकाशी नेला आणि त्यांचे डोळे भरले.

"बल्लारशाचा वास हाय," त्या म्हणाल्या. "हे घरी यायचे तर असाच वास यायचा कपड्याले. सागच हाय बाबू. सागच."

पद्माकरनं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला वाटलं, आयुष्यात एखादी गोष्ट तरी सरळ होते.

मग त्यांनी तुकडा उलटा केला. त्या बाजूला रंधा लागलेला नव्हता. कुण्या मुलीनं कर्कटकानं नाव कोरलं होतं. ॲसिडचे काळे डाग होते आणि कडेला वाळून दगड झालेलं च्युइंगगम.

"हे कोणाचं हाय?"

"शाळेतलं आहे, मावशी. लॅबची टेबलं होती. शाळा पाडतायत, ते फेकून देणार होते. मी वाचवलं."

चंदाबाईंनी तुकडा पुन्हा वर्तमानपत्रावर ठेवला. मग पदरानं हात पुसले. तो पदर मी आजही विसरलेले नाही.

"उतरलेलं हाय म्हणजे."

"उतरलेलं नाही, मावशी, रीक्लेम्ड म्हणतात त्याला. आता तर मोठमोठे आर्किटेक्ट मुद्दाम..."

"माझी सासू लग्नात कोणतं लुगडं नेसली होती, ठाऊक हाय तुले? मढ्यावरचं. पाटलाची म्हातारी मेली, तिच्या अंगावरचं. तोच हक्क होता आमचा. गावानं फेकलेलं ते आमचं. बाबासाहेबांनी सांगितलं, फेका हे. सासूनं फेकलं. उपाशी राहिली, पण कोणाचं उतरलेलं अंगाले लावलं नाही. आन् मी त्यायच्या नावानं गोऱ्यायची फेकलेली लाकडं लावू?"

पद्माकरचा चेहरा पाहवेना. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही दोघं रेल्वे क्वार्टरमध्ये, कॉलनीत वाढलेले. उतरलेलं म्हणजे काय, हे आम्ही ऐकलं होतं. त्यांनी अंगावर वागवलं होतं. इतकी वर्षं लाकूड कुठून आलं, कुणाच्या हातून आलं, हे साऱ्या जगाला विचारत फिरलेला माणूस, पण आपल्या लाकडाबद्दल हाच प्रश्न चंदाबाई विचारतील, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्यानं तरी एकदा प्रयत्न केला. "मावशी, विहार तरी जुन्या बेकरीतच आहे ना?"

"बेकरीले त्यायचं नाव नाही देऊन राहिलो आपण."

"शाळेचं लाकूड आहे. त्याच्यावर मुली शिकल्या. बाबासाहेबांनी शिका म्हणूनच सांगितलं ना?"

"शिका म्हणाले. उतरलेलं घ्या नाही म्हणाले."

तो काही चुकीचं बोलत नव्हता आणि त्याही चुकीचं बोलत नव्हत्या. दोन चूक माणसांचं भांडण मिटवता येतं. दोन बरोबर माणसांचं मिटवायला मला आजवर जमलेलं नाही. निघताना चंदाबाईंनी त्याला चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, "रागावू नको बाबू. नवं पाहा. पैसे जास्त लागले तरी चालते, पण नवं." पद्माकर डबा एका हातात आणि सागाचा तुकडा दुसऱ्या हातात घेऊन बस स्टॉपवर उभा राहिला. बस आली आणि गेली, पण तो चढला नाही.

त्यानंतर त्यानं पुन्हा शोध सुरू केला. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. इथलं ओक दाखवून पाहिलं, तर चंदाबाई म्हणाल्या, हे चर्चचं लाकूड. तिकडे विहाराच्या आतलं काम संपत आलं. नागपूरहून बुद्धमूर्ती येऊन खोक्यात बसली होती. दादासाहेब कमिटीचे अध्यक्ष. पूर्वी बस चालवायचे, म्हणून की काय, वेळेवर सुटण्याला फार महत्त्व द्यायचे. त्यांनी बुद्ध पौर्णिमेची तारीख जाहीर करून टाकली आणि मग मीटिंगमध्ये पद्माकरला उभं केलं.

"पद्माकर, दार कधी?"

"दादासाहेब, मला खात्रीचा साग मिळत नाहीये. थोडी मुदत..."

"इतक्या मोठ्या देशात साग मिळत नाही? तुम्हाला सर्टिफिकेट पाहिजे जंगलाचं! जंगल काय बर्थ सर्टिफिकेट देतं का?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण पद्माकर समोरच होता. तो म्हणाला, "मी दुसऱ्यांना नको म्हणून सांगतो, दादासाहेब. ते मी घरात कसं आणू?" ठराव झाला, की दाराचं काम अध्यक्षांनी बघावं. सेक्रेटरी म्हणून तो ठराव मलाच लिहावा लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आम्ही दोघांनी मिळून खाल्ला.

दादासाहेबांनी कुणा ओळखीच्या सुताराकडून दार करून घेतलं. त्या माणसानं साग म्हणून सांगितलं आणि दादासाहेबांनी ऐकलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते लाकडाकडे पाहत होते ते लांबूनच, सभेत माणसांकडे पाहतात तसे.

उद्घाटनाच्या सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते. दार खरोखर देखणं दिसत होतं. उंच, तकतकीत, सोनेरी तपकिरी. मधोमध धम्मचक्र कोरलेलं आणि त्याखाली पितळी पाटी: कालकथित सुखदेव रामटेके यांच्या स्मरणार्थ, चंदाबाई रामटेके यांजकडून. पद्माकर आला आणि सवयीनं आधी दाराला हात लावला. मी त्याच्या शेजारीच होते. हात तिथेच थांबला. मग तो बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखा वाकला आणि दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे रंग पोचला नव्हता. बोटाला तांबूस भुसा लागला. त्यानं तो नाकाशी नेला आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"काय रे?" मी हळूच विचारलं.

"ताई, हे साग नाही."

"मग?"

"बोर्निओकडचं. ज्याच्यावर मी ऑफिसात बंदी आणली ना, तेच. वरून सागाचा रंग दिलाय."

माझं डोकं फिरलं. "मग सांग ना! ऊठ, दादासाहेबांना सांग!"

"काय सांगू? आत्ता?"

मी मागे वळून पाहिलं. दादासाहेब रिबिनीजवळ कात्री घेऊन उभे होते, नातवंडं भोवती, चेहऱ्यावर कृतार्थता. लेस्टरहून, कॉव्हेंट्रीहून माणसं आली होती. आणि चंदाबाई काठी टेकत येत होत्या. भाऊ गेल्यापासून त्या पहिल्यांदाच विहाराकडे येत होत्या. त्या थेट दारापाशी आल्या. पाटीवरून हात फिरवला, मग लाकडावरून. वास घ्यायला पुढे वाकल्या, पण ताज्या पॉलिशशिवाय त्याला दुसरा वास कुठला असणार?

"पॉलिशचाच वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या आणि उकिडव्या बसलेल्या पद्माकरकडे वळल्या. "बाबू, तुले समजते. सागच हाय ना?"

दादासाहेबांचे कान इकडे लागले होते. सगळेच थांबले होते. मला पद्माकरचा हात दिसत होता, त्यानं भुसा चिमटीत घट्ट धरला होता.

"हो मावशी," तो म्हणाला. "सागच."

"आन् नवं?"

"नवं."

चंदाबाईंनी दार ढकललं आणि त्या आत गेल्या. मागून 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झालं. पद्माकर सगळ्यांच्या शेवटी आत आला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला. वंदनेत चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. त्या दिवशी त्याचे ओठ तिथे हलले नाहीत.

मला त्याचा राग आला होता. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग वाटलं, मी काय वेगळं बोलले असते? मीही तर उभीच होते.

हिवाळा आला तसं दार फुगलं. इथला पाऊस असा नाही की येऊन गेला, तो ऑक्टोबरात बसतो तो एप्रिलात उठतो. खालची कड चौकटीला घासायला लागली. एका शनिवारी दुपारी पद्माकर माझ्याकडे आला, पिशवीत रंधा. "ताई, विहाराची किल्ली दे. साग फुगत नाही. मावशीला ते माहीत आहे. उद्या दार अडकलं तर तिला कळेल."

मी किल्ली दिली आणि बरोबर गेले. मी दार धरलं, त्यानं कड रंधली, उघड्या पडलेल्या लाकडाला पुन्हा तोच खोटा रंग लावला. भुसा, ढलपे सगळं गोळा करून पिशवीत भरलं. मला रडू येत होतं आणि हसूही. दुसऱ्यांच्या फसवणुकीवर आयुष्यभर बोट ठेवणारा माणूस, तो दुसऱ्याच कुणाची तरी फसवणूक ब्रशनं रंगवत बसला होता.

"शिव्या घाल त्या सुताराला," मी म्हटलं.

"सुताराला घालतो. पण लाकडाचा काय दोष, ताई? गरम पावसातलं झाड ते. त्याला काय माहीत आपल्याला स्मेथिकला उभं राहायचंय?"

तेव्हापासून तो दर हिवाळ्यात रंधा घेऊन जायचा. ओल फार वाढली तर दोनदा. रंधून रंधून दार अंगानं आक्रसलं. उन्हाळ्यात बाजूनं फट पडायची, तिथे तो रबराची पट्टी लावायचा आणि लोकांना सांगायचा की ही वाऱ्यासाठी आहे. दादासाहेब सभेत म्हणायचे, पद्माकरनं आता दाराची काळजी मनापासून घेतली आहे.

मधल्या वर्षांत कौन्सिलनं त्याचं खातंच मोडीत काढलं. त्याला लवकर निवृत्ती दिली. त्याचे नियम कुठल्या कपाटात गेले, देव जाणे. जाण्याआधी लाकडावर तो तपासणीचा शिक्काही आला. जंगलात जाऊन पाहणारी माणसं, तोडीपासून दुकानापर्यंतचा माग, सगळं. अगदी जे तो फोनवर विचारत होता तेच. त्यानं मला शिक्का मारलेली एक पट्टी आणून दाखवली. मी लगेच म्हटलं, "मग आता कर ना नवीन दार! शिक्क्याचा साग, नवा, सगळ्यांना चालेल असा!"

"आणि हे का काढतो म्हणून सांगू?"

मी पट्टी त्याला परत दिली. शाळेच्या त्या फळ्या अजून त्याच्या गॅरेजमध्ये पडून होत्या. मंजिरी नोकरीला बेसिंगस्टोकला गेली, फ्लॅट घेतला, पुस्तकांच्या फळ्या करायला म्हणून मागत होती. त्यानं नाही दिल्या. "त्या दाराच्या आहेत," एवढंच म्हणाला. गाडी मात्र आठ वर्षं पावसात उभी.

अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर. पंधरा दिवस पाऊस धरून होता. शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे दार रंधून आलो. रविवारी वंदनेला चंदाबाई नव्या सुनेला, रेखाला, घेऊन आल्या. रेखा नुकतीच चंद्रपूरहून आलेली. पद्माकर आणि मी ओसरीतच छत्र्या झटकत उभे होतो. चंदाबाईंनी काठीच्या टोकानं दार हलकेच लोटलं. ते आवाज न करता उघडलं.

"पाह्य," त्या सुनेला म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्याच्या नावाचं हाय. इतका पाऊस, इतकी वर्षं, पण एकदा अडकलं नाही. याले म्हणते साग."

मग त्यांचं लक्ष पद्माकरकडे गेलं. त्यांनी प्रेमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हा चांगला माणूस हाय, पण तेव्हा चुकून राहिला होता. कोणत्या तरी शाळेचं जुनं लाकूड घेऊन आला होता. बाबू, त्याचं दार केलं असतं, तर आज फुगून बसलं असतं. होय का नाही?"

पद्माकरच्या पँटच्या दुमडीत कालचे दोन तांबूस ढलपे अडकलेले मला दिसत होते. त्यानं चंदाबाईंचा हात धरून त्यांना उंबऱ्यावरून आत घेतलं.

"हो मावशी," तो म्हणाला. "फुगलं असतं."